कानातली शिराज

मले एक सांगा, मानसानं भरोसा कोनावर ठेवाव, स्वतःच्या नाकावर का घरच्याईच्या? वाशीमच्या बाजारात अत्तर विकता विकता केस पिकले माहे, सैफुद्दीनभाईचं नाक म्हनजे तराजू म्हनतात लोक, अन् त्याच नाकानं मले असं तोंडघशी पाडलं की... पन आधी एक ध्यानात ठेवा, तोंड माहं कोरडं व्हतं.

झालं असं, शेजारच्या कापडवाल्या जगदेवचा प्रज्वल नाशकाकडं वाइनच्या कारखान्यात लागला. तिथं त्याची परीक्षा, गिलास हुंगाचा अन् त्यातले वास सांगाचे. बाटली घेऊन दुकानात हजर. "चाचा, मले सगळ्यातून निस्ता दारूचाच वास येते. तुमी शिकवा."

"बेटा, आमच्यात चालत नाही."

"प्या कोन म्हन्ते? हुंगा."

आता हुंगाले कोन नाही म्हनन? काळपट लाल, काचेवरून इतकी सावकाश उतरे, जशी तिले कुठंच जायची घाई नाही. नाव शिराज. म्या खूश, म्हटलं इराणच्या शिराज शहरची, गुलाबायच्या गावची. तं पोरगा म्हन्ते, "नाव तिथलं, चाचा. वेल मूळची फ्रान्सची, अन् ही वाढली नाशकाच्या डोंगरावर." म्हनजे आमच्या गल्लीतले रंगूनवाले भाई, जन्म इथल्याच किन्हीराजा गावचा, रंगून कोनं पाह्यलं?

डोये मिटले. आधी जांभूळ आलं, पिकून मातीत पडलेलं. मंग काळी मिरी. मंग कोऱ्या चपलेचं चामडं, अन् सगळ्याच्या खाली, लई खाली, अब्बांची लाकडी पेटी, चंदनाची... मी दुकानात नव्हतोच हो, मी एवढासा व्हतो, त्या पेटीवर गाल टेकून झोपलेला. भरदार वास, खांद्यावर हात टाकून बसलेल्या जुन्या दोस्तावानी. अन् तोंड? कोरडं.

"अजून काय येते, चाचा?"

"थांब, वास उतरू दे." अन् हाताले सवय ना, अत्तर पारखाची आमची रीतच हाय, कापसाचा फाया भिजवाचा अन् कानात खोचाचा, दुपारभर वास कसा बदलते ते समजते. खोचला. तेवढ्यात आमच्या घरवालीचा, मेहरबीचा फोन, "धनजवाले आ गए जी, नमरा को देखने, तुम किधर?" पळालो तसाच. आमच्या पोरीच्या, नमराच्या मनातलं घर व्हतं ते धनज गावचं, उशीर कसा कराव?

पोराचे वडील अशफाकभाई दारातच उभे, मोठे परहेजगार मानूस, दारूच्या सावलीलेही न उभे राहनारे. आमची गळाभेट कशी, एकदा इकडून, एकदा तिकडून, परत इकडून. पहिली झाली. दुसऱ्या बाजूले माहा कान, त्याईचं नाक... मानूस जागीच थांबला. तिसरी गळाभेट झालीच नाही. मेहरबी पाण्याचे गिलास ठेवता ठेवता कानाशी आली अन् म्हने, "कान को पिलाके लाए क्या?" सांगतो ना, तोंड कोरडं व्हतं, त्या वक्ती तं जरा जास्तच.

पाहुने चहा पिऊन गेले, हो नाही, ना नाही. नमरा माह्याशी बोलेना. सकाळी अशफाकभाईचा फोन. "भाईजान, काल कानात कोनतं अत्तर व्हतं? घरी आलो तरी जांभळाखाली बसल्यावानी वाटून राह्यलं. एक शीशी पाठवा."

आता काय कराव? कोनतंही नाव सांगतलं असतं तं रिश्ता जमत व्हता. पन खोटा वास म्या जलमात विकला नाही. "भाईजान, ते अत्तर नव्हतं. वाइन व्हती. कानात. तोंड कोरडं."

दाराआड नमराच्या बांगड्या वाजता वाजता थांबल्या. मंग फोनातून अशफाकभाईचा बारीक आवाज आला, "सैफुद्दीनभाई, तोंड तं माहंही कोरडंच व्हतं. गुन्हा दोघायच्या नाकाचा सारखाच. तारीख काढा."

जमलं लग्न. प्रज्वलही पास झाला, जांभूळ, मिरी, चामडं सांगून. चंदनाची पेटी त्याले काही सापडली नाही, ते बरं झालं, ती माह्यापाशीच राह्यली... पन बाजारात काय ऐकाले येते? सैफुद्दीनभाई आजकाल घेते म्हने. मेहरबी बी रोज दारात आधी कान हुंगते, मंग आत घेते. तुमीही हा किस्सा पुढं सांगालच, सांगा बापा, कोन अडवते. फक्त हिशोब इमानदारीनं ठेवा, नाकानं घेतली ते नाकाच्या खात्यावर लिहा, तोंडाच्या नका लिहू.