डब्यातली दांडी

...आणि वर जावई मलाच विचारतो, "बाबा, पण कपडे लटकवायलाच कशाला हवेत?" आता याला काय सांगायचं? नाही, तुम्हीच सांगा. मी मागितलं काय होतं, बंगला? एक दांडी. फक्त एक दांडी, जिच्यावर बायकोचे कपडे अडकवता येतील. तर घरात असा गोंधळ, जणू म्हाताऱ्याने दुसरं लग्न काढलंय.

थांबा, तुम्ही डबा कुठं पाहिलाय. डबा म्हणजे ट्रेलर हो, गाडीच्या मागे जोडून सहलीला न्यायची ती चाकांवरची खोली. सहली संपल्या, आता तो लेकीच्या अंगणात उभा असतो आणि आम्ही नवराबायको त्यात राहतो. आत एक पलंग, एक टेबल, वीतभर ओटा, आणि मधे जी जागा उरते तिच्यात एका वेळी एकानेच रागवायचं, दुसऱ्याने बाहेर जायचं. आधीचं घर वरच्या मजल्यावर होतं, पण ही जिन्यात मधेच उभी राहायला लागली... वर निघालोय की खाली, आठवेना. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. मी म्हटलं, डॉक्टर, मग माझ्या खोड्या आधी विसरेल असं काहीतरी लिहून द्या. हसले नाहीत. शिकलेली माणसं फार उशिरा हसतात, मी चौथीत शाळा सोडली ती त्याच भीतीने.

तर कपडे. डब्यात कपाट नाही, पलंगाखाली खण आहे. लेकीने आईचे सगळे कपडे छान घड्या घालून त्यात रचले. आणि सकाळी बघतो तर बायको गायब.

तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोने जन्मभर लाँड्रीत इस्त्री केली. दिवसभर लोकांच्या कपड्यांना घड्या, वर कागद, वर दोरा. पण घरी आली की स्वतःच्या एका कपड्याला घडी घालायची नाही, सगळे हँगरवर. म्हणायची, "घड्या गिऱ्हाइकाच्या. घरात घडी दिसली तर तुझीच घडी घालीन." बाकी सगळं विसरली, हे तेवढं नाही विसरली. खण उघडला, घड्या दिसल्या... म्हणजे गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे राहिलेत की. उचलले आणि निघाली पोचवायला. सापडली कुठं? मोठ्या रस्त्याच्या पार पलीकडे, अनवाणी, एका अनोळखी दाराशी. त्या घरच्या बाईला सांगतेय, "ताई, उशीर झाला, रागावू नका, तुटलेलं बटण पण लावलंय." आणि ती बाई बिचारी माझ्या बायकोचा गाऊन हातात घेऊन उभी.

मी हसलो. काय करणार, मला दुसरं येतं काय? लेक नाही हसली. म्हणाली, "बाबा, परत एकदा असं झालं ना, तर आईला त्या विसरणाऱ्यांच्या संस्थेत ठेवावं लागेल. तिथं दाराला कुलूप असतं." मी म्हटलं, ठेव की, सोबत मलाही टाक. तर म्हणते, "तिथं फक्त बायकाच घेतात, बाबा."

म्हणून दांडी. आलं का लक्षात? कपडे लटकलेले दिसले की हिला कळणार, हे आपले, कुठं पोचवायचे नाहीत. एक दांडी हो, फक्त एक दांडी.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. पण डब्याची भिंत म्हणजे आतून पातळ फळी, मधे स्पंज, बाहेर पत्रा. मी स्क्रू पिळतोय, पिळतोय, आणि बाहेरून जावयाची बोंब. पाठ टेकून चहा पीत होता. मुद्दाम नाही केलं, शपथ. तो कुठं टेकून बसतो ते मला माहीत होतं, एवढंच.

मग तो पाठ चोळत बाजारातून दोन भिंतींमधे ताणून बसणारी दांडी घेऊन आला. "बाबा, याला स्क्रूच लागत नाही." लागत नाही ना? बसवली, कपडे अडकवले, ही बघायला पुढे आली... आणि धाडकन सगळा संसार खाली. कपड्यांचा हा ढीग. ही त्याच्यापुढे बसली, सुस्कारा टाकला, म्हणाली, "केवढं काम पडलंय," आणि घालायला लागली घड्या. आता मी काय करावं? तिच्या हातातून एकेक कपडा ओढायचा, हँगरला लावायचा, आणि हँगर... माझ्या कॉलरला, खिशाला, बोटांना. दोन्ही हात पसरून उभा. शेवटी मीच दांडी झालो. हात भरून आले, खाली घेतले तर ही परत घड्या घालणार. तसाच उभा, आणि ही समोर बसून शांतपणे बघतेय, "माझेच आहेत ना सगळे?" लेकीने दार उघडलं. आधी हसली. मग तिथंच पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनेच सुतार आणला. तो म्हणाला, "भिंतीवर भार टाकूच नका आजोबा. खालून दोन फळ्या उभ्या करू, दांडी त्यांच्यावर. पण टेबल जाईल." जाऊ दे म्हटलं, मी मांडीवर ताट घेईन. गेलं टेबल, आली दांडी.

आणि खोटं नाही सांगत, त्या दिवसापासून ही कुठं गेली नाही. सकाळी उठते, एकेका कपड्यावरून हात फिरवते, नुसती बसून राहते. लेकही आता संस्थेचं नाव काढत नाही. मी म्हटलं, जमलं की. मग लाडात येऊन मी काय केलं, कडेला बोटभर जागा होती, तिथं माझा कोट अडकवला.

हिने पाहिला. काढला. पलंगावर ठेवून तळव्याने नीट दाबला, घडी घातली, कागद सापडेना म्हणून वर रुमाल गुंडाळला, आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. झाला तुमचा कोट."

घ्या म्हणाली. लग्न झाल्यापासून मला अरे-तुरे करणारी बाई. सासूबाई रागावल्या, माझी आई रागावली, हिने कधी 'अहो' म्हटलं नाही मला.

"फार वाट बघायला लावली का हो?"

म्हटलं, "नाही, फार नाही."

"घरी गेलात की घडीत ठेवू नका. हँगरवर लावा, कापड चांगलं आहे. दांडी आहे ना घरी?"

म्हटलं, "आहे बाई, एक आहे. पण भरलीय."