अकरा नंबरच्या गाडीच्या दाराला पाडलेल्या पोच्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव: बरहुकूम. (हे टोपणनाव आहे. जुनी गाडी मुळात होती तश्शी करून देतो, म्हणून पडले. खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघत नाही.) वय एकोणसाठ. धंदा जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा. राहणार गॅरेजच्याच वरच्या मजल्यावर.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, माझ्यावर गाडी फोडल्याचा आरोप आहे. मी गाडी फोडलेली नाही. मी तिच्या दाराला पोचा पाडला. फोडणे वेगळे आणि पोचा पाडणे वेगळे, हे आधी लिहून घ्यावे. हवालदारसाहेब म्हणतात, मुद्द्याला धरून बोला. हाच मुद्दा आहे.

सदर गाडी ज्या बाईंची आहे, त्या आत्ता ठाण्यातल्या बाकावर डाव्या टोकाला बसल्या आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी लांब पल्ल्याच्या शर्यतीत चालवली होती. शेजारी बसून नकाशा वाचायला त्यांची नणंद होती. त्या नणंदबाई बाकाच्या उजव्या टोकाला आहेत. मध्ये जी पिशवी ठेवली आहे ती दोघींपैकी कोणाचीच नाही.

उद्या जुन्या गाड्यांची शर्यत आहे. आज संध्याकाळी तपासणीस येऊन गाडी बघणार. गाडी त्या काळी होती तशीच असावी लागते आणि पुरावा म्हणून तेव्हाचा फोटो दाखवावा लागतो. बाईंनी काम देतानाच मला सांगितले होते, "शेजारी वन्सं बसल्या तरच गाडी बाहेर काढीन. नाहीतर तुमच्याकडेच राहू दे." मी म्हटले, तुम्ही फक्त फोटो द्या.

फोटो एकच होता. शर्यत संपल्यावर उभी केलेली रिकामी गाडी, एका बाजूने काढलेली, नखशिखान्त चिखलात. काचासुद्धा चिखलाच्या, आतले काही दिसत नाही. दारावर क्रमांक अकरा, म्हणजे दोन उभ्या काठ्या. पुढच्या डाव्या दाराला टोपलीएवढा पोचा. फोटो देताना बाईंनी मला सांगितले की, गाडी एका फाटकाच्या खांबाला डाव्या बाजूने घासली आणि ती बाजू बघणे नणंदेचे काम होते. गाडीची मूळ दारे गंजून चाळण झाली होती, म्हणून मी त्याच साली निघालेल्या दुसऱ्या गाडीची दारे आणून बसवली. त्यामुळे दारांना विचारायची सोय उरली नव्हती. फोटो हाच आधार.

त्या फोटोत पेट्रोल भरायचे झाकणही डाव्या बाजूला दिसत होते. माझ्यासमोरच्या गाडीत ते उजव्या बाजूला होते. आमची ही म्हणाली, "अहो, फोटोपेक्षा गाडीला विचारा." मी तिला म्हणालो, तुला यातले कळत नाही, शर्यतवाले असे बदल करतातच. मी उजवे झाकण काढून जागा बुजवली, डाव्या पत्र्याला भोक पाडले, टाकीची नळी फिरवली. आरसाही फोटोत एकच आणि तोसुद्धा डाव्या दारावर. मागच्या गाड्यांवर नणंदबाईच लक्ष ठेवत असतील असे धरून मी तो तिकडे लावला. मग डाव्या दाराला पोचा पाडला. असा पोचा, की बघणाऱ्याने खांब शोधावा. हे सगळे मी पूर्ण शुद्धीत केले.

आज सकाळी दोघी गाडीतल्या आपापल्या जागा बघायला आल्या. नणंदबाई आपल्या सीटवर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "माझ्याकडे आरसा कशाला दिलाय? हा वहिनींकडे असायचा." मी म्हणालो, फोटोत तसेच आहे. त्या उतरल्या, गाडीमागे गेल्या आणि म्हणाल्या, "आणि पेट्रोल मी स्वतः कॅनने ओतलंय. ह्या बाजूने नाही, त्या." मी जरा तोऱ्यातच त्यांच्या हातात फोटो दिला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग पुन्हा सीटवर बसल्या आणि फोटो खिडकीतून त्या आरशासमोर धरला. मी वाकून बघितले. आरशात झाकण उजवीकडे गेले होते. आरसा उजवीकडे. आणि पोचा उजव्या दाराला, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला. अकरा मात्र अकराच होता. फोटो उलटा छापलेला होता. चांगल्या पत्र्याला भोक पाडून बसलो होतो. जन्मभर बरहुकूम म्हणवून घेतले आणि हुकूम कोणाचा पाळला, तर आरशाचा.

बाई रुमालाने समोरची स्वच्छ काच पुसत राहिल्या. मग त्याच सांगू लागल्या. यजमानांनी गाडी देताना बजावले होते, तुझ्या बाजूला ओरखडा जरी दिसला तरी पुन्हा किल्ली मिळायची नाही. म्हणून त्यांनी घरी जाण्याआधी वाटेतच पोचा काढून रंग मारून घेतला. पण फोटो निघाला होता आणि तो घरी यायचाच होता. त्या स्टुडिओत गेल्या आणि उलटा छापून घेतला. यजमानांनी फोटो बघितला आणि बहिणीला सांगितले, तुझ्या बाजूचा खांब तुला दिसला नाही, आता पुन्हा गाडीत बसायचे नाही. झाकणाकडे त्यांचे लक्ष गेले नाही, कारण पंपावर ते कधी उतरत नसत, काचसुद्धा खाली करत नसत. त्यांचे सोडा, लक्ष माझेही गेले नाही.

नणंदबाई म्हणाल्या, "मी दादाला सांगत होते, खांब उजवीकडे होता. तो म्हणाला, फोटो खोटं बोलतो का? वहिनी, तुम्ही तिथंच उभ्या होतात."

बाई म्हणाल्या, "होते."

"पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल. स्कूटरसुद्धा शिकले नाही मी. ज्या बाईला खांब दिसत नाही, तिनं कशाला शिकायचं?"

एवढे बोलून त्या निघाल्या. दारातून म्हणाल्या, "उद्या नकाशा वाचायला दुसरं कोणी बघा." आमच्या हिने चहा टाकला होता. तो कोणीच घेतला नाही.

बाई थोडा वेळ गाडीत बसून होत्या. मग उतरल्या आणि म्हणाल्या, "बरहुकूम, पोचा उजव्या दाराला पाडा." मी म्हणालो, रंग नवा आहे, तपासणीस संध्याकाळी येणार, आधी झाकण हलवू. त्या म्हणाल्या, "झाकण नंतर. आधी पोचा." मी दाराचे आतले आवरण काढले. आमची ही आतून वाळूची पिशवी लावून बसली आणि मी लाकडी हातोड्याने ठोकू लागलो. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "अजून खोल. एवढा लहान नव्हता. मी चांगलीच घातली होती."

नेमके त्या वेळी त्यांचे चिरंजीव आईला घ्यायला आले. त्यांना दिसले ते असे, की एक माणूस कोऱ्या रंगाची गाडी ठोकतो आहे, एक बाई आत लपली आहे आणि आई डोळे पुसत म्हणते आहे, मार अजून. त्यांनी पोलिसांना फोन केला आणि मग आत्याला. आत्याला काय सांगितले ते ऐकीव आहे, पण "आईला भूल घातली" असे शब्द होते म्हणतात. चिरंजीवांच्या जागी मी असतो तर मीही फोन केला असता. त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त त्यांनी माझा हातोडा पुरावा म्हणून जमा करायला लावला, त्यावर आहे. तो गुळगुळीत व्हायला माझी वीस वर्षे गेली आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला लवकर सोडावे. एक दार सपाट करायचे आहे, आरसा आणि झाकण मूळ जागी न्यायचे आहे आणि तपासणीस कोणासाठी थांबत नाही. गाडीत कोण बसणार हे मला ठाऊक नाही. ते माझ्या कामात येत नाही, पण ते ठाऊक नसल्याने हात चालत नाही, हेही खरे आहे.

वरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला व मी तो ऐकला. मी बोललो तेच त्यात आहे.

पुरवणी: मजकूर वाचला जात असताना, "डाव्या बाजूने घासली आणि ती बाजू बघणे नणंदेचे काम होते" या जागी गाडीमालक बाई उठून टेबलाशी आल्या व म्हणाल्या, "हे खोडा." हवालदारसाहेबांनी सांगितले की, तुम्ही यांना तेव्हा तसेच सांगितले होते, त्यामुळे खोडता येणार नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "मग खाली लिहा. शिक्का बसेल असं लिहा." सबब त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहे की, गाडी उजव्या बाजूने घासली. चूक चालवणारीची होती. नकाशा वाचणारीने खांब वेळेवर सांगितला होता, चालवणारीने ऐकले नाही.

बाईंनी याखाली सही केली. साक्षीदार म्हणून कोण सही करणार असे विचारले असता नणंदबाई बाकावरून उठल्या. त्यांनी चष्मा लावून पुरवणी स्वतः वाचली, परत पहिल्यापासून वाचली आणि सही केली. मग मला म्हणाल्या, "हातोडा घ्या आणि चला. आणि तो आरसा आधी वहिनींकडे लावा, त्यांना मागचं दिसायला हवं."