विचारून सांगतो

मिक्सर! नाही, तुम्हीच मला सांगा, घरात एक मिक्सर चालतोय, दुसरा कुणीतरी भेट दिलेला माळ्यावर खोक्यात पडलाय, आणि आता हा तिसरा! आणि दारात उभी राहायला हवी होती चारचाकी! चारचाकी हो! शेजारीण येते, मिक्सरकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि म्हणते, "काकू, तुम्ही नुसती मान हलवली असतीत तरी झालं असतं!" म्हणजे खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या! जन्मात पहिल्यांदा मी पंचेचाळीस सेकंद गप्प बसले, मी, आणि वर मलाच बोल लावतात.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही तिच्याच बाजूनं व्हाल. आमचे हे कंपाउंडर. एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरांकडे, औषधाच्या त्या एवढ्याशा खिडकीत चौतीस वर्षं. आणि सवय काय? चिठ्ठी वाचायची, बाटली काढायची, पुन्हा चिठ्ठी वाचायची, आणि एवढं करून समोरच्यानं विचारलं की बाबा, गोळी जेवणाआधी घेऊ की नंतर, तर हे म्हणणार, "एक मिनिट हं, डॉक्टरांना विचारून सांगतो." ठाऊक असायचं हो सगळं! तोंडपाठ! पण नाही, आत जायचं. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" हे म्हणायचे, "जेवणानंतर." डॉक्टर मान हलवायचे. मग हे बाहेर येऊन एकदम ऐटीत, "जेवणानंतर!" मी म्हणायची, अहो, कशाला ही येरझार? तर म्हणे, "अगं, औषधात अंदाज चालत नाही."

औषधात चालत नाही, मान्य. पण लग्नात? हसू नका, खरं सांगते. मी खोकल्याचं औषध न्यायला यायची. खोकला केव्हाच बरा झाला होता, तरी यायची. शेवटी हा माणूस काही बोलेना म्हणून एक दिवस मीच त्या खिडकीत तोंड घालून विचारलं, "लग्न करणार का माझ्याशी?" तर काय म्हणाले असतील? "एक मिनिट हं. डॉक्टरांना विचारून सांगतो!" आणि गेले की आत! बाकावर सात पेशंट, सगळे माझ्याकडे बघतायत, मी बाटलीवरचं लेबल वाचतेय, आणि आतून आवाज येतो, "तुम्हाला काय वाटतं?" मग हे बाहेर आले, कान लालबुंद, आणि म्हणाले, "हो."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुपारी दवाखाना रिकामा असला की हे पुड्या बांधायचे आणि डॉक्टर त्यांच्या एका जाडजूड पुस्तकातून वाचून दाखवायचे. कोणी काय शोधलं, कोणाचं काय फसलं... हे घरी येऊन ते सगळं मला सांगायचे. तेव्हा बोलायचे हो खूप! एकदा सांगितलं, दोनशे वर्षांपूर्वी कोणी फ्रेंच डॉक्टर होता, त्याच्याकडे एक तरुण बाई आली, तिच्या छातीला कान लावून ऐकायचं तर त्याला संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला, आणि ठोके असे स्वच्छ ऐकू आले की तोच थक्क! मला सातवा महिना होता. ह्यांनी लगेच वर्तमानपत्राची सुरळी केली आणि माझ्या पोटावर ठेवली. मी म्हटलं, "काय हो, ऐकू येतंय का काही?" तर कान न काढता म्हणतात, "विचारून सांगतो."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. आणि आमच्या घरात... कसं सांगू... मी विचारायची, "चहा टाकू का?" हे म्हणायचे, "विचा..." आणि तिथेच थांबायचे. पुढचा शब्दच नाही. विचारणार कोणाला? मग मुकाट्यानं खिडकीशी जाऊन बसायचे. दिवस दिवस अक्षर नाही तोंडातून. मी एकटी बोलतेय, भिंतीशी बोलावं तसं. मला फार भीती वाटायला लागली होती. वाटायचं, एक दिवस तो "विचा" पण बंद होईल. म्हणून मी टीव्हीवरच्या त्या प्रश्नांच्या खेळाचा फॉर्म भरला. चारचाकीसाठी नाही हो! म्हटलं, तिथे माइक लावून प्रश्न विचारतात, तिथे तरी झक मारत बोलावं लागेल ह्यांना.

निवड झाली. गेलो. मला बसवलं पहिल्या रांगेत, आणि कानात वायर घातलेली एक मुलगी येऊन सांगते, "काकू, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ओठ हलले तरी काका बाद." मला! हे मला सांगतेय ती! मी रुमाल काढून तोंडात धरला.

आणि ह्यांनी काय केलं? पहिल्याच प्रश्नाला मदत मागितली! प्रश्न काय, तर लीप वर्षात फेब्रुवारीचे दिवस किती. "एक मिनिट हं, विचारून सांगतो." लेकीला फोन! ती तिकडून ओरडली, "बाबा! एकोणतीस! अहो, त्या दिवशी तुमचा वाढदिवस असतो!" दुसऱ्या प्रश्नाला प्रेक्षकांना विचारलं, तिसऱ्याला अर्धी उत्तरं गाळून घेतली. मदत संपली. मग आली का पंचाईत? पण तुम्हाला सांगते, मग नाइलाजानं एकेक उत्तर आपलं आपण द्यायला लागले. हळू आवाजात, घाबरत घाबरत, पण सगळी बरोबर! मी रुमाल चावत होते.

आणि शेवटचा प्रश्न. तो सूत्रसंचालक दोन्ही हात पसरून, "तर मंडळी! चारचाकीसाठीचा अखेरचा प्रश्न! विषय आहे, वैद्यकशास्त्राचा इतिहास!" सगळा हॉल टाळ्या वाजवतोय, कंपाउंडरला हा प्रश्न! "एका फ्रेंच डॉक्टरानं छातीचे ठोके ऐकायला सगळ्यात पहिल्यांदा जी नळी वापरली, ती कशाची होती? लाकूड, कागद, पितळ की रबर?"

अहो, माझ्या पोटावर ठेवली होती ती नळी! मला येत होतं! मला, जिला आपल्या घरचा फोन नंबर आठवत नाही! पंचेचाळीस सेकंद सुरू झाले आणि आमचे हे माइकमध्ये म्हणतात, "एक मिनिट हं... डॉक्टरांना विचारून सांगतो."

सगळे हसले. सूत्रसंचालकही हसला, "डॉक्टर आलेत का आज इथे?"

हे म्हणाले, "नाही. ते आता नसतात."

घड्याळ मात्र चालूच. आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं हो... त्या दवाखान्यातल्या आतल्या दारात उभे असल्यासारखं. नुसती मान हलवायची होती मी. आणि खाली बघते तर माझ्या हातांनी, मला न विचारता, प्रवेशिकेची सुरळी करायला घेतलेली! मी ती मांडीखाली दडपली आणि तिच्यावर बसले. छताकडे बघत राहिले, जणू तिथले पोपडे मलाच मोजायचेत. मनात मात्र एकच घोकत होते, तुम्हाला काय वाटतं? अहो, तुम्हाला काय वाटतं? आज कोणी मान हलवणार नाही, तुमचं तुम्ही सांगा!

भोंगा वाजला. वेळ संपली. आणि भोंग्याचा आवाज विरला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "कागद."

दोन सेकंद, फक्त दोन सेकंद उशीर! सूत्रसंचालक म्हणतोय, "अरेरे, काका..." पण हे ऐकतात कुठे? "कागदच. कारण त्याला संकोच वाटला," आणि सुरू झाले की! तो फ्रेंच डॉक्टर, ती बाई, ते जाडजूड पुस्तक, दुपारच्या पुड्या, आमचे डॉक्टर कसे मान न उचलता विचारायचे, सगळं! दोन वर्षांचं तुंबलेलं! ती वायरवाली मुलगी हातवारे करतेय, कॅमेरावाला डोळे पुसतोय, आणि हे थांबायचं नाव काढत नाहीत. टीव्हीवर ते सगळं कापलं. टीव्हीवर दिसतो फक्त भोंगा, आणि मग उत्तेजनार्थ मिक्सर.

परत येताना बसमध्ये हे खिडकीशी आणि मी शेजारी. सबंध वाट बोलत होते. मला एक शब्द मध्ये टाकू दिला नाही. मला! मी तोंड पदरात लपवून रडत होते, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही, इतके बोलत होते.

घरी आल्यावर खोकं टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "अहो, खरं सांगा, चारचाकी गेली त्याचं वाईट वाटतंय का?"

तर म्हणतात, "एक मिनिट हं. विचारून सांगतो."

मी मनात म्हटलं, आली पुन्हा गाडी तिथेच. पण नाही... ह्यांनी खोक्यातून मिक्सरचं माहितीपत्रक काढलं, नीट सुरळी केली, एक टोक माझ्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि डोळे मिटून घेतले. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. शेवटी न राहवून मीच विचारलं, "काय ऐकू येतंय?"

ह्यांनी कान आणखी घट्ट लावला. मग मी म्हटलं, "बरं, तुम्हाला काय वाटतं?"

तर कान तसाच ठेवून म्हणतात, "मिक्सर चालू आहे."

म्हणजे घ्या... घरात आता चार!