डॉक्टरीणबाईंच्या खुर्च्या

आज सगळ्यात आधी कोण आलं, सांगू? संग्रहालय खात्याच्या वरच्या ऑफिसचे पाहुणे! मी दाराशी पोचते तोवर साहेब पायरीवर उभे, आणि बरोबरच्या मॅडम हातात टेप घेऊन खिडकीतून आत डोकावतायत. म्हटलं, "अहो, समारंभाला अवकाश आहे." तर म्हणतात, "आजी, आम्ही खुर्च्या मोजायला आलोय. उद्या टेम्पो येणार आहे ना!"

हो, हो, बघितलं. सूनबाई तिकडून डोळे वटारतेय, आधी मानपान करा म्हणून. तर मानाच्या जागी बसलेले अध्यक्षमहाराज, त्यांच्या शेजारचे पाहुणे साहेब आणि मॅडम, जिच्यासाठी आपण नटूनथटून आलो ती आपल्या संग्रहालयाची ताई, समोरच्या लेकीसुना, भाऊमंडळी आणि मागे खुसखुस करणारी नातवंडं, सगळ्यांना माझा नमस्कार. मी दोन यत्ता शिकलेली बाई. सुनेनं भाषण लिहून दिलं होतं, फार सुंदर होतं. पण त्यात मी कुठंच सापडेना, म्हणून घरीच ठेवून आले.

ताई आज निवृत्त होतेय. ती इथं आली तेव्हा डॉक्टरीणबाईंचं हे घर ओकंबोकं होतं. बाई गेल्या, नातेवाइकांनी सामान विकून टाकलं. राहिली ती एक कोरीव, उंच पाठीची खुर्ची. का राहिली? दारातून बाहेरच निघेना! बाई तिच्यावर आयुष्यात एकदाच बसल्या असतील, फोटो काढायला. तोच फोटो शाळेच्या पुस्तकात गेला. माझी नात विचारते, "आजी, ही बाई मुलांना मारायची का गं?" तापाच्या साथीत दारोदार फिरलेली बाई, आणि पोरांना आठवते ती ताठ बसलेली.

ताईलाही ते खुपायचं. तिनं गावात सांगितलं, "डॉक्टरीणबाई बसायच्या ती खुर्ची कुणाकडे असेल तर आणून द्या." बिचारीला वाटलं, एक येईल. सकाळी दाराशी रांग! शिंपीकाकांच्या डोक्यावर स्टूल, गवंडीदादांचं बाकडं हातगाडीवर, मी आमची वेताची खुर्ची कडेवर घेतलेली, लेकरासारखी. आणि भांडणं काय विचारता!

"खरी आमची."

"तुमच्याकडे कशाला येतील त्या? तुमच्याकडे कोण आजारी होतं?"

"माझी सासू! सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ती आजारी नव्हती हो, ती तशीच होती!"

ताई हसून हसून पायरीवर बसली. पण खोटं कुणीच बोलत नव्हतं. बाई घरात शिरल्या की खुर्ची ओढायच्या, उशाशी लावायच्या आणि ताप उतरेपर्यंत उठायच्या नाहीत. मग त्या घरात ती खुर्ची त्यांचीच व्हायची. पुन्हा कुणी अंथरुणाला खिळलं, की आधी खुर्ची उशाशी लावायची आणि मग बाईंना निरोप धाडायचा. आजारी माणूस खुर्ची बघूनच निवांत व्हायचं. आता येतील, म्हणायचं.

माझा थोरला तापानं फणफणला होता. दुपार होती. बाई वेताच्या खुर्चीत, त्याचं मनगट धरून. बाहेरचे आवाज हळूहळू लांब गेले. पडदा श्वास घेतल्यासारखा आत यायचा, बाहेर जायचा. मी वारा घालत होते. कुणाला घालत होते देव जाणे. लेकराचे डोळे मिटलेले, बाईंचेही मिटलेले, आणि खोली अशी संथ हलतेय, जशी पाण्यावरची होडी. मलाही डोळा लागला असावा. जाग आली तर पोराच्या कपाळावर घाम, आणि बाई त्याच्याकडे बघत गालातल्या गालात हसतायत. मला म्हणाल्या, "चहा टाकता का? पण भांडी वाजवू नका."

ही आमची डॉक्टरीणबाई.

ताईनं त्या सगळ्या खुर्च्या या दालनात मांडल्या. दोरी नाही, काच नाही. पाटी एकच, "बसा". आता तुम्ही बसलाय ना, त्याच या. दुपारी ऊन तिरपं येतं तेव्हा रिकाम्या खुर्च्यांतसुद्धा कुणीतरी जरा पुढं वाकून बसल्यासारखं वाटतं. मी तर दालनात हळूच बोलते. आणि एक गंमत बघा. पोरं त्या कोरीव खुर्चीपुढं उभी राहतात तेव्हा विचारतात, "केवढ्याची आहे?" आमच्या खुर्च्यांवर बसतात आणि विचारतात, "मग तो बरा झाला का?"

साहेब, तुम्ही आल्या आल्या म्हणालात, कोरीव खुर्ची काचेत राहील आणि बाकीच्या गोदामात जातील. मॅडम म्हणाल्या, वाळवी लागते, माणसांच्या वजनानं पाय खिळखिळे होतात, वस्तू टिकली पाहिजे. माझ्या वजनाकडे बघून म्हणाल्या, पण म्हणाल्या ते खरं. टिकायलाच हवी. पण एकटी तीच टिकली, तर उद्या आम्ही म्हातारी माणसं गेल्यावर गावाला काय आठवेल? बाई बसल्या होत्या, एवढंच. कुणाजवळ बसल्या होत्या, ते जाईल.

ताई, तुझे उपकार कसे मानू? आमच्याच घरातल्या खुर्च्यांकडे बघायला तू आम्हाला शिकवलंस. घरी स्वस्थ बस, असं तुला सांगणार नाही. आमच्याकडे येऊन बस.

अध्यक्षमहाराजांनी घंटीवर हात ठेवला, मी बघितलं हो. एवढं ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. जीभ जरा जास्तच सैल सुटली असेल, तर घरची म्हातारी समजून पोटात घाला.

आणि हे मुद्दाम चारचौघांत सांगते, म्हणजे कुणाला मागं फिरता यायचं नाही. मघाशी मॅडम माप घ्यायला वेताच्या खुर्चीत टेकल्या त्या टेकल्याच. साहेबांनी हाका मारल्या तर म्हणाल्या, "सर, आमच्या आईच्या उशाशी अशीच असायची." साहेब आत आले, शेजारचं स्टूल ओढून बसले. बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "आजी, टेम्पो नको. आम्ही सुताराला घेऊन येतो, पाय घट्ट करायला."

गुरुवारी येणार आहेत.