मशीनचं कार्ड साफ केलं तेव्हा

हसू नका बे, मी अजून धक्क्यातच आहो. माझी ती जुन्या गेमांची खिशातली मशीन माहीत आहे नं? तिच्यातलं कंपनीचं काढून लोकांनी बनवलेलं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकता येते. कोणतं टाकू, यातच माझे पंधरा दिवस गेले. एकाचा मेनू झकास, तर दुसऱ्यात बॅटरी जास्त टिकते. बाबा रोज संध्याकाळी ऐकवत, "समुद्रपूरले पोरं शिकवते, अन् घरी येऊन गेमा खेळते!"

रविवारी शेवटी बॅटरीवालं पक्कं केलं. मशीनचं मेमरी कार्ड पुरं साफ केलं अन् ते टाकलं.

सोमवारी शाळेतून आलो तं बाबा ओसरीत मशीन घेऊन बसलेले. चेहरा असा का कोणी गेलं घरातलं.

"यातलं माझं कुठी गेलं?"

"तुमचं काय, बाबा?"

"सत्तेचाळिसावी लेव्हल."

माझ्या हातातली बॅग खाली पडली. "तुम्ही खेळता?"

"खेळतो कायले? पाण्याच्या मोटारीची लाइन येईपर्यंत वावरात बसा लागते. तू शाळेत गेला का मशीन नेतो, अन् तू घरी यायच्या आत ठेवून देतो. दोन महिने झाले."

"मंग सांगतलं काऊन नाई? मी बॅटरीपायी सगळं पुसलं!"

"बॅटरी? लाइन आली का मी तथीच चार्जिंगले लावतो."

बाबानं चष्मा काढला, मले खालून वरपर्यंत पाह्यलं अन् इचारलं,

"बॅकअप घेतलता काय, मास्तर?"