नळी उजवीकडे वळते

मॉडेलवाला: घ्या ना हातात, बिनधास्त. प्लास्टिकच आहे. तुमच्या ठकीच्या हृदयातून निघणारी मोठी नळी. स्कॅनवरून चौपट करून छापलीय, नाहीतर सर्जनबाईंना सराव कसा करता येणार?

आई: आणि ते भोक?

मॉडेलवाला: ते हृदयाच्या आत. यात नाही. उद्या फक्त नळीचा हा चिमटलेला भाग कापून जोडणार. भोकाचं नंतर, बाळानं जरा अंग धरलं की.

आई: सतरा दिवसांची आहे हो. पाय गार पडतात तिचे.

मॉडेलवाला: नळी चिमटलीय ना, खाली रक्त पुरत नाही.

आई: ठाऊक आहे. तपासणीच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दिलंय. हा बघा, पिशवीतच असतो. एक भोक, दुसरा चिमटा आणि तिसरं... थांबा. तुमची नळी कुठे वळतेय?

मॉडेलवाला: डावीकडे.

आई: कागदावर उजवीकडे आहे.

मॉडेलवाला: ताई, ते चित्र समोरून बघायचं. बाळाचं उजवं म्हणजे आपलं डावं. सगळेच गोंधळतात.

आई: बारा वर्षं ब्लाउज शिवतेय मी. समोरच्याचं डावं-उजवं मला नका शिकवू.

मॉडेलवाला: अहो, पण ही नळी सगळ्यांची डावीकडेच वळते!

आई: सगळ्यांसारखी असती, तर आम्ही इथे कशाला आलो असतो? तीनही दोष एकत्र फार क्वचित, असं म्हणाले ते... हे काय करताय?

मॉडेलवाला: मूळ स्कॅन उघडतोय. हे यकृत. उजव्या कुशीत, म्हणजे स्कॅन सुलटाच. आणि नळी... अरे देवा.

आई: उजवीकडे.

मॉडेलवाला: उजवीकडेच. मीच फिरवलं ताई. गेल्या महिन्यात एक स्कॅन उलटा आला होता, मी पकडला, सगळ्यांनी पाठ थोपटली. या वेळी नळी उजवीकडे दिसली, म्हटलं परत उलटा आला. यकृत कुठे आहे ते बघायचं सोडून शहाणपणा केला. शिव्या द्या हवं तर.

आई: देईन, सावकाश देईन. आधी बाईंना फोन लावा.

(तो फोन लावून स्पीकर सुरू करतो.)

सर्जनबाई: बोल रे राजा. सकाळी तू पाठवलेला मॉडेलचा फोटो बघून ठरवलंय मी, डावीकडून छाती उघडायची. मॉडेल कधी देतोस?

मॉडेलवाला: मॅडम, उलटं छापलंय. माझी चूक. नळी उजवीकडे वळते.

सर्जनबाई: काय सांगतोस! रिपोर्टात उजवी होती. तुझ्या मॉडेलवर भरवसा ठेवून मीच खोडली. कसं लक्षात आलं तुझ्या?

मॉडेलवाला: माझ्या नाही. बाळाच्या आईंच्या. इथेच आहेत त्या.

आई: डावीकडून उघडलं असतं तर?

सर्जनबाई: हवी ती जागा हाताला लागली नसती. बंद करून दुसऱ्या बाजूनं उघडावं लागलं असतं. एवढ्याशा जिवाला ते झेपणं कठीण. चूक माझीही आहे, स्कॅन मी स्वतः बघायला हवा होता. आत्ता बघते.

आई: आता तरी झेपेल ना तिला?

सर्जनबाई: खोटी खात्री नाही देत. पण झेपेल असं मला वाटतंय. राजा, किती वेळ?

मॉडेलवाला: तीन तास. लगेच लावतो.

सर्जनबाई: लाव. मी थांबलेय.

मॉडेलवाला: ताई, तुम्ही वॉर्डात जा. ठकीजवळ बसा.

आई: तिचे बाबा आहेत तिथे. मी इथेच बसते. तुमचा भयंकर राग आलाय मला, पण तुमच्या मशीनवरून नजर हटवायची नाहीये.

मॉडेलवाला: बसा. चहा सांगू?

आई: सांगा. तुमच्याच पैशानं.

मॉडेलवाला: ...सात वाजले ताई, तीन तासांत झालं छापून. यकृतही ताडून पाहिलंय, दोनदा. आता तुम्ही तपासा.

आई: उजवीकडे. चिमटा इथे. हं. जरा घट्ट धरा.

मॉडेलवाला: हे काय काढलंत पिशवीतून?

आई: शिवणाचा खडू. कात्री लावायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर बाजू लिहिते मी. हे बघा, लिहिलं. उजवी.

मॉडेलवाला: प्लास्टिकवर नाही टिकायचा हो. पुसला जाईल.

आई: उद्या दुपारपर्यंत टिकला तरी पुरे.