मुकादमाला विचार

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चामुळे बस खोळंबली होती. परळच्या थांब्यावर गंगुबाईच्या पुढे लवू आणि कोंडीराम नावाचे दोन तरुण उभे होते. गणकयंत्रावर काम करणारे. 'खोली' हा शब्द कानी पडला आणि मुकादमाच्या हातापाया पडून मिळवलेली चाळीतली खोली आठवून तिचा जीव टांगणीला लागला.

"चाललं रे कोंड्या! माझं गणित नव्या यंत्रावर एका दमात चाललं!"

"सुटलास! नाहीतर साहेब तुला परत कारकुनीला बसवणार होते. अडत कुठं होतं?"

"जुन्या यंत्रात चाळीस नंबरची खोली मोकळी असायची. मी आकडा सरळ तिथं ठेवायचो. नव्यात तिथं यंत्राचाच पसारा. माझा आकडा शिरला की तो पसारा पुसला जायचा आणि यंत्र अडायचं."

"मग सगळे खोलीनंबर बदललेस?"

"सगळे खोडले! आता मध्ये एक मुकादम बसवलाय. आकड्याला जागा हवी? मुकादमाला विचार. काम झालं? खोली परत कर. कुठली मोकळी, ते त्यालाच ठाऊक."

"आणि उद्या तिसरं यंत्र आलं तर?"

"मुकादम तेवढा बदलायचा. बाकीच्याला हात लावायचा नाही."

गंगुबाईला राहवेना. "रे झिला, त्या खोल्यांतल्या माणसांक खंय धाडलंस?"

"माणसं नाहीत, मावशी. यंत्रातल्या खोल्या त्या. आकडे राहतात."

"आकडेच मां? मगे बरा झाला." तिनं सुस्कारा सोडला. "पण तुझो मुकादम खोली देताना चायपाण्याक किती घेता?"

"काहीच नाही."

"मगे तो मुकादम कसलो?"